पस्तीस वर्षांची बाग चार महिन्यांत हलवायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी ३५ वर्षं भाडेपट्ट्यावर राखलेली सुमारे २०० चौरस मीटरची बाग चार महिन्यांत रिकामी करून द्यायची आहे. बदल्यात १५० चौरस मीटरचा दुसरा तुकडा मिळालाय. तो कित्येक वर्षं पडीक आहे आणि हराळी-लव्हाळ्यानं भरलेला आहे. जुन्या बागेत लिंबू, अंजीर, डाळिंब, कढीपत्ता, मोगरा, हळद, अळू आणि घरचं राखलेलं घेवड्याचं, दोडक्याचं बियाणं आहे. झाडं मुळासकट काढून नेता येतील का आणि जुनी कसदार माती सोबत न्यावी का, हे तुम्हाला हवंय.

दोन्हींचं उत्तर बहुतांशी ‘नका नेऊ’ असंच आहे. कारण सांगण्याआधी एक गोष्ट. तुमचं सगळं लक्ष ‘उचलायचं कसं’ याकडे आहे, पण तुमची खरी अडचण वेळेची आहे. गुटीला (झाडावरच्या फांदीची साल गोल काढून तिथेच मुळं फुटवायची पद्धत) मुळं फुटायला दीड-दोन महिने लागतात, बियाणं वेलीवर पिकायला तेवढेच, आणि तण मोडायला त्याहून जास्त. खोदून उचलायचं काम शेवटच्या आठवड्यातही होतं. म्हणून ज्याला वेळ लागतो ते आज सुरू करायचं, आणि फावडं शेवटी हातात घ्यायचं.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील. हे चार महिने कोणत्या ऋतूत येतात, हा सगळ्यात मोठा फरक. हवेत दमटपणा आणि ऊब असेल तर गुटी, फाटे (कापून लावायचे फांदीचे तुकडे), फुटवे (मुळांवरून फुटलेली पिल्लं) सगळं सोपं जातं. कोरड्या कडक उन्हात निम्मी गुटी वाळते. जिथे हिवाळ्यात दव गोठतं तिथे पानगळ होणाऱ्या झाडांचं काम ती निद्रेत असतानाच करावं. दुसरं म्हणजे नव्या जागेचा करार किती वर्षांचा आहे. दरवर्षी नूतनीकरण असेल तर तिथे लिंबाचं झाड जमिनीत लावण्याआधी दोनदा विचार करा. मोठ्या कुंडीत ठेवलेलं बरं. आणि जुन्या करारात झाडं, कुंपण, पाण्याची टाकी कोणाची हे लेखी पाहून घ्या, कारण बऱ्याच करारांत जमिनीत रुजलेलं झाड जागेबरोबरच जातं. फांदी छाटून कलम करायला सहसा कोणाची हरकत नसते.

मोठं झाड का नेऊ नये

हिशेब करून बघा. झाड हलवताना मुळांचा गड्डा खोडाच्या जाडीच्या किमान १० ते १२ पट रुंद ठेवावा लागतो. जाडी जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर मोजायची. खोड ५ सेंटिमीटर म्हणजे गड्डा ६० सेंटिमीटर रुंद आणि निदान ४५ खोल. एवढ्या मातीचं आकारमान सव्वाशे लिटरच्या आसपास होतं आणि ओली असताना तिचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. हे पाच सेंटिमीटरच्या खोडाचं झालं. ३५ वर्षांच्या लिंबाचं खोड याच्या तिप्पट-चौपट असणार, म्हणजे यंत्राशिवाय विषयच नाही. एवढं करूनही अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक गड्ड्याच्या बाहेरच राहतात. मग झाड दोन-तीन वर्षं नुसतं तग धरतं, आणि तेवढ्यात त्याच फांदीपासून केलेलं कलम त्याला गाठतं.

माझी मर्यादा ३ सेंटिमीटर खोडाची. त्याखालचं एखादं तरुण झाड खरोखर न्यायचंच असेल तर आत्ताच त्याच्याभोवती ३५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि त्याच्या निम्म्या घेरावर धारदार फावड्यानं ३० सेंटिमीटर खोल चर मारून मुळं तोडा. चरात कंपोस्ट मिसळलेली माती भरा आणि ओल टिकवा. महिन्याभरानं उरलेला घेर. तुटलेल्या मुळांच्या टोकाशी नवी बारीक मुळं गड्ड्याच्या आत तयार होतात, आणि तीच नव्या जागी झाडाला वाचवतात. उचलताना आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, गड्डा गोणपाटात घट्ट बांधा आणि झाड खोडाला धरून नाही, गड्ड्याला धरून उचला. खोडाला धरलं की माती सुटते आणि केलेलं सगळं वाया जातं.

गुटी: आजच्या आज सुरू करायचं काम

लिंबू आणि डाळिंब गुटीनं उत्तम येतात, अंजीरही येतं. पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंत जाडीची, वर्ष-दीड वर्षाची, उन्हातली निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून ४०-५० सेंटिमीटरवर, डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) लगेच खाली, अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल कापून पूर्ण काढा. मग उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडून टाका. गुटी फसण्याचं पहिलं कारण हाच थर असतो: तो राहिला की वरची आणि खालची साल पुन्हा जोडली जाते आणि फांदीला मुळं काढायची गरजच उरत नाही. सालीची पट्टी सेंटिमीटरभरच काढली तरी तेच होतं.

वरच्या कापाच्या कडेला मुळं फुटण्याची आयबीए पावडर लावा. लिंबाला ती नसली तरी चालतं. स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं सुकवलेलं शेवाळ) तासभर भिजवून मुठीत घट्ट पिळून घ्या, इतकं की पिळल्यावर थेंब पडू नये, आणि संत्र्याएवढा गोळा कापाभोवती लपेटा. वरून पारदर्शक पॉलिथिन दोन वेढे, दोन्ही टोकं सुतळीनं करकचून. टोकं सैल राहिली तर मॉस वाळतं किंवा मुंग्या घर करतात. मॉस फार ओलं असेल तर साल कुजते. फांदीवर थेट ऊन येत असेल तर प्लॅस्टिकवर कापड किंवा फॉइल गुंडाळा. मुळं बघायची असतील तेव्हा सोडवता येतं.

चार ते आठ आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागतात. दिसली म्हणून लगेच कापू नका. ती गोळाभर पसरून किंचित तपकिरी होऊ द्या. मग गोळ्याच्या खाली फांदी निम्मी कापा आणि आठवड्यानं पूर्ण. अशा दोन टप्प्यांत तोडलेलं कलम फार कमी कोमेजतं. पॉलिथिन काढा, मॉस मात्र मुळांवरून ओढू नका. निम्मी पानं कमी करून २०-२५ सेंटिमीटरच्या पिशवीत लावा आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. एक झाड हवं असेल तर चार गुट्या बांधा. निम्म्या जगल्या तरी एक शेजाऱ्याला देता येते.

एक सावधगिरी. गुटी किंवा फाट्यातून झाडाबरोबर त्याचा रोगही जातो. डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट काळे डाग आणि तडे (तेल्या) असतील तर त्या झाडाचं काहीही नेऊ नका. लिंबाची पानं ठिगळासारखी पिवळी पडत असतील, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर तेही सोडा. ट्रिस्टेझासारखा लिंबूवर्गीय झाडांचा विषाणू फांदीतून उतरतो, बीमधून उतरत नाही. कागदी लिंबाच्या बियांतून येणारी बरीचशी रोपं मूळ झाडासारखीच निघतात. म्हणजे अशा वेळी बी हाच चांगला मार्ग, फळाला काही वर्षं जास्त थांबावं लागलं तरी.

फाटे, फुटवे, कंद

अंजिराला गुटीपेक्षाही फाटा सोपा. पानं गळालेली असताना पेन्सिलीएवढ्या जाडीचे २०-२५ सेंटिमीटरचे तुकडे, खालचा काप डोळ्याच्या खाली सपाट आणि वरचा तिरपा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन तृतीयांश भाग मातीत. डाळिंबाचंही तसंच. मोगऱ्याचे १०-१५ सेंटिमीटरचे अर्धपक्व फाटे लागतात, पण चार महिने असतील तर दाब कलम अधिक खात्रीचं: खालची लांब फांदी वाकवून तिच्या मधल्या भागाला ओरखडा द्या, तो भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा.

कढीपत्त्याभोवती मुळांवर फुटलेली पिल्लं असतील. पिल्लू आणि मूळ झाड यांच्यामधलं मूळ आज फावड्यानं तोडा, पण पिल्लू तिथेच राहू द्या. महिनाभरात ते स्वतःच्या मुळांवर उभं राहतं, मग उचला. थेट उपटलेली पिल्लं बहुधा मरतात, कारण त्यांच्याकडे स्वतःची मुळं जेमतेम असतात. बी लावायचं असेल तर पिकलेल्या काळ्या फळाचा गर धुऊन लगेच पेरा. कढीपत्त्याच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांत संपते.

हळदीची पानं पिवळी पडून वाळल्यावरच कंद काढा. हिरव्या पानांच्या झाडाचे कंद कोवळे असतात, ते साठवणीत सुरकुततात. मुदत त्याआधी संपत असेल तर दोन-तीन गड्डे मातीसकट पिशव्यांत हलवून तिथेच पिकू द्या. अळूचे बाजूचे छोटे कंद पुरतात. हे सगळे कंद पाण्यानं स्वच्छ धुवा, मऊ किंवा गाठाळलेले बाजूला टाका, सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत ठेवा. धुण्याचा आग्रह कशासाठी, ते मातीच्या भागात येईल.

बियाणं

माझ्या मते तुमच्या बागेतली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात हलकी वस्तू हीच. लिंबू कुठेही मिळतं. ३५ वर्षं एकाच घरात निवडत आलेला घेवडा मिळत नाही.

घेवडा बहुतांशी स्वतःच फलित होतो, त्यामुळे काम सोपं. दहा-पंधरा निरोगी वेलींवरच्या पहिल्या चांगल्या शेंगा खाण्यासाठी तोडू नका, वेलीवरच वाळू द्या. दाणा दाताखाली दबला नाही, टणकन तुटला, की तो वाळला. पूर्ण वाळलेलं बी हवाबंद डब्यात घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर आतले भुंगे आणि त्यांची अंडी मरतात. डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं. ओलसर बी फ्रीजरमध्ये घातलं तर मात्र ते बीच मरतं.

दोडका किडे फलित करतात, आणि शेजाऱ्याच्या दोडक्याचा पराग तुमच्या फुलात सहज येतो. म्हणून हातानं फलन करा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात (घोसाळ्याची पहाटे). त्या दिवशी उमलणारी मादी कळी, जिच्या मागे छोटा दोडका असतो, आणि दुसऱ्या वेलीवरच्या दोन-तीन नर कळ्या दुपारीच दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवा. संध्याकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकोश मादी फुलाच्या टोकावर फिरवा, पुन्हा कागदी पिशवी बांधा, दोन दिवसांनी काढा आणि देठाला रंगीत दोरा लावा. दोरा विसरलात तर तो दोडका कोणीतरी तोडून नेतो, हे ठरलेलं. बी पाच-सहा वेगवेगळ्या वेलींचं मिळून घ्या. फळ वेलीवर वाळून आत बिया खुळखुळू लागेपर्यंत थांबा.

साठवणीचा सोपा नियम: बियांमधला ओलावा एक टक्क्यानं कमी केला किंवा साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं, तर त्यांचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. सावलीत वाळवा, डब्यात सिलिका जेल टाका. जुन्या डब्यांतलं बी न्यायच्या आधी २० दाणे ओल्या कागदात गुंडाळून तपासा. १२ पेक्षा कमी उगवले तर पहिल्याच हंगामात पेरून नवं करून घ्या. आणि सगळं बियाणं एका डब्यात, एका घरात ठेवू नका.

जुनी माती

१० चौरस मीटरवरची १० सेंटिमीटर माती म्हणजे एक घनमीटर, सव्वा ते दीड टन. एवढी वाहून नेली तरी नव्या जागेचा जेमतेम पंधरावा हिस्सा झाकला जाईल. पण वजन हे दुय्यम कारण. एकाच जागी दीर्घकाळ वांगी, टोमॅटो, भेंडी घेतली की मातीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म अळ्यांसारखे जीव) आणि मर रोगाची बुरशी साठत जाते. कसदार मातीत जोमदार पीक त्यांना पुरून उरतं, म्हणून तिथे ते जाणवतही नाहीत. तीच माती नव्या, कमी कसाच्या जागी गेली की पहिल्याच हंगामात दिसतात. म्हणून वर एवढा जोर जमिनीच्या वरच्या भागावर दिला: फाट्याबरोबर, गुटीबरोबर, बियांबरोबर माती जात नाही.

तपासायचं असेल तर जुन्या मातीच्या दोन कुंड्यांत भेंडी लावा आणि सहा आठवड्यांनी उपटून मुळं धुवा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. (घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या, त्या उपयोगी जिवाणूंच्या असतात, मुळाच्या बाजूला चिकटलेल्या, नखानं सहज सुटतात आणि आत गुलाबी असतात.) भेंडीची मुळं स्वच्छ निघाली तर ढिगातलं पूर्ण तयार कंपोस्ट पोती-दोन पोती जरूर न्या, नव्या ढिगाला विरजण म्हणून. ते चाळून घ्या. त्यात काळपट, हरभऱ्याएवढी कडक गाठ सापडली तर ती लव्हाळ्याची असू शकते.

नवी जागा: आधी तपास

पहिल्या भेटीत खोदकाम करू नका. फक्त एक खड्डा: ३० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर निचरा ठीक. एक सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथे १५-२० सेंटिमीटर उंच गादीवाफे करावे लागतील. भारी माती हलकी करायला वाळू मिसळण्याचा सल्ला मिळेल. थोडी वाळू चिकण मातीत मिसळली की ती आणखी घट्ट बसते. सेंद्रिय पदार्थच घाला.

मातीपरीक्षणासाठी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा १५-२० सेंटिमीटरचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची पातळ चकती गोळा करा, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा, सावलीत वाळवा. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी बघा. जागा जुन्या इमारतीशेजारची किंवा मोठ्या रस्त्यालगतची असेल तर शिशाची चाचणीही करून घ्या.

सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन वाजता सावल्या कुठे पडतात ते कागदावर मांडा. फळभाज्यांना सहा ते आठ तास थेट ऊन हवं. शेजारच्यांना दोनच गोष्टी विचारा: कोरड्या महिन्यांत पाणी टिकतं का, आणि इथे कुठलं तणनाशक मारलं गेलंय.

हराळी आणि लव्हाळा

दोघांचा इलाज वेगळा, म्हणून आधी ओळख. दांडा दोन बोटांत फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गोल आणि पेरं-पेरं असेल तर हराळी.

रोटाव्हेटर किंवा पॉवर टिलर मात्र दोन्हींत नको. जमीन एका दिवसात सुंदर दिसते आणि महिन्याभरात हराळीच्या प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. हराळीची बहुतेक खोडं वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात. माती किंचित ओलसर असताना दातांच्या फावड्यानं उचलून हातानं धागे ओढा, प्लॅस्टिकवर कडक उन्हात दोन आठवडे वाळवा, कंपोस्टमध्ये टाकू नका. तिला सावली सोसत नाही, हा तिचा कच्चा दुवा. उरलेल्या जागेवर प्रकाश न जाणारी जाड ताडपत्री सहा महिने किंवा जास्त ठेवली तर ती बरीच खचते. उन्हाळा हाताशी असेल तर सपाट, ओल्या जमिनीवर २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक पॉलिथिन ताणून, कडा मातीत पुरून चार ते सहा आठवडे ठेवा. जमीन तापून तणांचं बी आणि वरच्या थरातले बरेच रोगजंतू मरतात. पॉलिथिन पारदर्शकच हवं. काळ्याखाली जमीन तेवढी तापत नाही.

लव्हाळा या सगळ्याला पुरून उरतो. त्याचा टोकदार कोंब काळ्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदातून आरपार वर येतो, पुठ्ठ्यातून तर सहजच. पात उपटली की खालची गाठ राहते आणि साखळीतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. मग करायचं काय? गाठीतला साठा संपवायचा. कोंब वर आल्यावर पाच-सहा पानं होण्याआधी, म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी, खुरप्यानं गाठीसकट काढत राहायचं. त्या वयापर्यंत तो गाठीतलंच खात असतो. त्यानंतर नव्या गाठी भरू लागतो. एक फेरी चुकली की मागच्या दोन फेऱ्या फुकट. एका हंगामात तो निम्मा होतो, दोन हंगामांत आटोक्यात येतो. एकदाच करून मोकळं व्हायचा उपाय कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

त्यामुळेच सगळे १५० चौरस मीटर एकदम उघडू नका. ४० उघडा, बाकी झाका किंवा ताग पेरा. तागाचं बी चौरस मीटरला ५-६ ग्रॅम; दाट वाढून सावली धरतो, गाठीच्या सूत्रकृमींना तो पोसत नाही, आणि साधारण ४५-५० दिवसांनी फुलावर येताना कापून जागीच आच्छादन करता येतो. पाणी साचणाऱ्या भागात तागाऐवजी धैंचा (हेही हिरवळीच्या खताचं पीक). उघडलेल्या ४० मीटरमध्ये १.२ मीटर रुंदीचे वाफे आणि ४५ सेंटिमीटरच्या वाटा ठेवा. वाटेतली हराळीच पुन्हा वाफ्यात शिरते, म्हणून वाफ्याच्या कडेनं महिन्यातून एकदा फावडं उभं मारून धागे तोडा. पहिलं पीक पसरणारं घ्या: चवळी, रताळी, भोपळा. गाजर, कांदा पहिल्या वर्षी नको; ती इतकी हळू उगवतात की तण त्यांना गिळतं.

४० चौरस मीटरवर अडीच सेंटिमीटर कंपोस्ट म्हणजे एक हजार लिटर. हा आकडा आधी बघितला की सगळी जागा एकदम का नको, हे आपोआप पटतं. विकतचं शेणखत किंवा गवत आणणार असाल तर चाचणी करा: तीन कुंड्यांत ते खत आणि माती निम्मं-निम्मं, तीन कुंड्यांत नुसती माती, सगळ्यांत घेवडा. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली कोवळी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर त्या चाऱ्यावर टिकाऊ तणनाशक मारलेलं होतं. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही शाबूत बाहेर येतात.

पाण्याचा अंदाज: पाऊस नसताना आठवड्याला चौरस मीटरमागे २५ लिटर. ४० मीटरना आठवड्याला हजार लिटर, म्हणजे २०० लिटरचं पिंप दीड दिवसही पुरत नाही. नळ किंवा टाकीची सोय पहिल्याच महिन्यात पक्की करा.

महिन्यांनी मांडायचं तर

पहिला आठवडा: गुट्या, कढीपत्त्याची मुळं तोडणं, दाब कलम, भेंडीच्या कुंड्या, नव्या जागेचा पाण्याचा खड्डा आणि ताडपत्री. पहिल्या दोन महिन्यांत बियांचे वेल राखणं आणि नव्या जागेत लव्हाळ्याच्या फेऱ्या. तिसऱ्या महिन्यात गुट्या उतरवून पिशव्यांत. चौथ्यात कंद, कंपोस्ट, सामान. जमलं तर जागा सोडायची तारीख पंधरा दिवस पुढे मागून घ्या. दोन्ही जागा हातात असणं फार सोयीचं पडतं.

सामानातलं जुनं लाकूड तपासा. हिरवट छटेचं, पूर्वी रसायनात मुरवलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं. ते वाफ्याच्या कडेला लावू नका आणि जाळू तर मुळीच नका, राखेत आर्सेनिक उरतं. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा: फोडू नका, कापू नका, रीतसर विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्या.

गुटीची, फाट्याची रोपं नव्या जागी पोचल्यावर लगेच जमिनीत लावू नका. पहिलं वर्ष ती पिशवीत किंवा मोठ्या कुंडीत, दुपारच्या सावलीत राहू द्या. लव्हाळ्याच्या फेऱ्या चालू असताना मध्ये उभं रोप अडचणीचं होतं, आणि वर्षभरात ऊन, वारा, साचणारं पाणी कळल्यावर लिंबाची जागा बहुधा बदलतेच.

आणि सगळ्या गुट्या फसल्याच, तर शेवटच्या दिवशी लिंबाखालची पाच-सहा पूर्ण पिवळी फळं उचला. बिया धुऊन, न वाळवता, दोन-तीन दिवसांत सेंटिमीटरभर खोल पेरा. लिंबाचं बी वाळलं की उगवणशक्ती झपाट्यानं उतरते. एका बीमधून दोन-तीन कोंब आले तर त्यातला जोमदार ठेवा आणि फारच खुजा, वेगळ्या पानाचा दिसेल तो काढून टाका.